दग्ध दप्तरें व प्रमाणविचार : आर्जेन्टिनाच्या सेनापतींवरील अभियोग

राज्यकर्त्यानें अधिकारावरून उतरण्यापूर्वीं आपलें दप्तर स्वतःच नाहींसें करविलें, तर त्याच्या कृत्यांचा निवाडा कशाच्या आधारें व्हावा? हा प्रश्न त्रैमासिकाच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. जळालेलीं, वाळवीनें खाल्लेलीं, रद्दींत गेलेलीं दप्तरें हें आपलें नित्याचें दुःख आहे. परंतु दप्तर जाणूनबुजून नष्ट करण्यांत आलें, नष्ट करविणारे अद्याप हयात होते, आणि त्यांच्याच पक्षावर न्यायासनासमोर अभियोग चालवावयाचा होता, असा प्रसंग इतिहासांत विरळा. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेन्टिना देशांत तो इसवी सन १९८३ ते १९८५ या काळांत घडला. त्याची राजकीय बाजू पुष्कळांनीं सांगितली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच्या एकाच अंगाचा विचार करणार आहों. तें अंग म्हणजे प्रमाणांचें.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. त्याच अध्यायांत ऋणादानाच्या प्रकरणीं असाहि नियम आहे कीं, मूळ लेख नष्ट झाला, चोरीस गेला किंवा जळाला, तर त्याच्या जागीं दुसरा लेख करवून घ्यावा. नियम कर्जरोख्यापुरता आहे. त्यामागील तत्त्व मात्र व्यापक आहे. लेख जळाल्यानें ऋण फिटत नाहीं. आर्जेन्टिनाच्या न्यायाधीशांनीं याज्ञवल्क्य वाचला असण्याचा संभव नाहीं. तथापि त्यांनीं केलें तें नेमकें हेंच. जळालेल्या लेखाच्या जागीं त्यांनीं दुसरा लेख उभा केला. तो कसा उभा केला, हें कागद जमविणारांनीं व वाचणारांनीं समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम हकीकत. २४ मार्च १९७६ रोजीं तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांनीं राष्ट्राध्यक्षा इसाबेल पेरोन यांस पदच्युत करून सत्ता हातीं घेतली. भूदलाचा होर्हे राफाएल विदेला, नौदलाचा एमिलिओ मासेरा व वायुदलाचा ओर्लान्दो आगोस्ती यांचें जें मंडळ बनलें, त्यास तिकडे 'जुंटा' म्हणतात. पुढें मंडळांतील माणसें बदललीं, सत्ता सेनेकडेच राहिली. सशस्त्र बंडखोरांचा बीमोड करण्याच्या निमित्तानें कामगार पुढारी, विद्यार्थी, वकील, अध्यापक, वृत्तपत्रकार अशा हजारों लोकांस घरांतून व रस्त्यांतून उचलून नेण्यांत आलें. नेणाऱ्यांजवळ अटकेचा हुकूम नसे, आणि नेलेला माणूस कोठें आहे हें कोणतीहि कचेरी सांगत नसे. अशा माणसांस तेथील भाषेंत 'देसापारेसिदो', म्हणजे नाहींसा झालेला, असें नांव पडलें. हा शब्द ध्यानांत घेण्याजोगा आहे. मेलेल्या माणसाची नोंद कोठें तरी होते. नाहींशा झालेल्याची होत नाहीं. त्या राजवटीचा सारा भर नोंद न होऊं देण्यावर होता.

१९८२ च्या एप्रिल ते जून महिन्यांत फॉकलंड बेटांसाठीं ब्रिटनशीं झालेल्या युद्धांत पराभव झाला, आणि सेनापतींचा दरारा ओसरला. निवडणुका घेणें प्राप्त झालें. जाण्यापूर्वीं शेवटचा लष्करी राष्ट्राध्यक्ष रेनाल्दो बिन्योने याच्या राजवटीनें तीन गोष्टी केल्या. एप्रिल १९८३ मध्यें 'अंतिम लेख' या नांवाचें एक पत्रक काढून, नाहींसे झालेले लोक कायद्याच्या दृष्टीनें मृत समजावे असें जाहीर केलें. सप्टेंबरांत सेनेनें स्वतःसच क्षमा देणारा कायदा केला. आणि ऑक्टोबरांत, मतदान तोंडावर आलें असतां, कैदेंत ठेवलेल्या इसमांविषयींच्या नोंदी दप्तरांतून काढून टाकण्याची आज्ञा निघाली. लष्करी कचेऱ्यांतूनहि कागद जाळण्याचे हुकूम सुटले. माणसें मृत ठरवावीं, अपराध माफ ठरवावा, आणि कागद मुळीं नव्हताच असें ठरवावें, असा हा बेत होता.

३० ऑक्टोबर १९८३ च्या निवडणुकींत राउल आल्फोन्सीन हे वकील विजयी झाले व १० डिसेंबर रोजीं त्यांनीं अधिकार ग्रहण केला. त्याच महिन्यांत त्यांनीं पहिल्या तीन जुंटांतील नऊ सेनापतींवर अभियोग चालविण्याची आज्ञा दिली. सशस्त्र बंडखोरांच्या पुढाऱ्यांवर खटले भरण्याची वेगळी आज्ञाहि त्याबरोबरच निघाली, हें नमूद करणें अवश्य आहे. नव्या विधिमंडळानें सेनेची आत्मक्षमा रद्दबातल केली. आणि कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालीं, नाहींशा झालेल्या लोकांचा शोध करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली.

समितीजवळ दप्तर नव्हतें. होतीं तीं माणसें. सुटून आलेल्या कैद्यांचे डोळे कैदेंत बांधलेले असत. परंतु डोळे बांधलेल्यासहि पायऱ्या मोजतां येतात, पायाखालची फरशी कशी आहे हें कळतें, जवळून आगगाडी जाते कीं शाळेंतील मुलांचा गलका येतो हें ऐकूं येतें. समितीनें अशा साक्षी एकमेकींशीं ताडून पाहिल्या, त्यांवरून इमारतींचे नकाशे काढविले, आणि साक्षीदारांस बरोबर घेऊन त्या त्या स्थळाची पाहणी केली. सप्टेंबर १९८४ मध्यें अहवाल सादर झाला. त्यांत नाहींशा झालेल्या ८,९६१ लोकांची व सुमारें ३४० गुप्त कैदखान्यांची नोंद होती, आणि समितीजवळ जमलेलीं कागदपत्रें ५०,००० पृष्ठांहून अधिक भरलीं. नऊ महिन्यांपूर्वीं जेथें कोरी जागा होती, तेथें दप्तर तयार झालें.

खटला प्रथम सैन्याच्याच वरिष्ठ न्यायमंडळाकडे गेला होता. त्या मंडळानें महिन्यांमागून महिने घालविले, आणि सेनापतींच्या आज्ञांत आक्षेपार्ह कांहीं आढळत नाहीं असें शेवटीं कळविलें. तेव्हां कायद्यांत अगोदरच करून ठेवलेल्या तरतुदीप्रमाणें राजधानी ब्वेनोस आयरेस येथील मुलकी अपील न्यायालयानें तो आपल्याकडे घेतला. २२ एप्रिल १९८५ पासून सहा न्यायाधीशांपुढें उघड सुनावणी सुरू झाली. सरकारतर्फे हूलिओ स्त्रासेरा हे मुख्य अभियोक्ते व लुईस मोरेनो ओकाम्पो हे त्यांचे दुय्यम होते. एकंदर ८३३ साक्षी झाल्या.

अभियोक्त्यांपुढील अडचण उघड होती. विदेलानें स्वतः कोणाच्या घरांत शिरून कोणास पकडलें नव्हतें. अमक्यास पकडा, तमक्यास मारा, असा त्याच्या सहीचा हुकूम सांपडण्यासारखा नव्हता. सैन्याचीं कांहीं गुप्त आज्ञापत्रें हातीं आलीं होतीं. त्यांवरून अधिकाराची उतरंड स्पष्ट होई, पण गुप्त कैदखाने व छळ यांचा उच्चार त्यांत नव्हता. झालें तें युद्ध होतें, आणि कोठें अतिरेक झाला असल्यास तो हाताखालच्या लोकांचा, असें म्हणावयास जागा होती. यावर अभियोक्त्यांनीं हजारों प्रकरणांतून ७०९ प्रकरणें निवडलीं, आणि निवडतांना देशाचे निरनिराळे भाग, निरनिराळीं सेनादलें व निरनिराळीं वर्षें त्यांत येतील अशी काळजी घेतली. उत्तरेकडील तुकुमान प्रांत घ्या, मध्यावरील कोर्दोबा घ्या, कीं राजधानी घ्या. क्रम सर्वत्र एकच. सशस्त्र टोळीनें येणें, स्थानिक पोलिसांनीं त्या वेळेपुरतें दूर राहणें, डोळ्यांवर पट्टी, गुप्त जागीं नेणें, छळ, आणि आप्तांनीं विचारणा केल्यास 'असा इसम आमच्याकडे नाहीं' हें ठरीव उत्तर.

पाठचिकित्सा करणाऱ्यास ही युक्ति चांगली परिचित आहे. दूरदूरच्या चार पोथ्यांत तोच असामान्य लेखनदोष त्याच जागीं आढळला, तर चार लेखकांच्या हातून तो निरनिराळा घडला असें आपण मानीत नाहीं. त्या सर्व एका हरवलेल्या मूळ प्रतीवरून उतरल्या असें मानतों. ती प्रत कोणीं पाहिलेली नसते; तरी तिच्या अस्तित्वाविषयीं शंका राहत नाहीं. स्त्रासेरा यांनीं जणूं ७०९ पोथ्या न्यायासनापुढें मांडल्या, आणि कोठेंहि न सांपडलेल्या हुकुमाची मूळ प्रत त्यांवरून सिद्ध केली. उघड आज्ञांच्या मागें गुप्त आज्ञांची एक योजना होती, आणि ती वरून खालीं आलेली होती, हें न्यायालयानें ग्राह्य धरलें. हातानें शस्त्र न उचलतां ज्याच्या ताब्यांत शस्त्र उचलणारी सारी यंत्रणा आहे, तो कर्ताच होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

निकाल ९ डिसेंबर १९८५ रोजीं लागला. विदेला व मासेरा यांस जन्मठेप, रोबेर्तो व्हिओला यास १७ वर्षें, आर्मान्दो लांब्रुस्किनी यास ८ वर्षें व आगोस्ती यास साडेचार वर्षें अशा शिक्षा झाल्या. ग्राफिग्ना, गाल्तिएरी, आनाया व लामी दोसो हे चौघे सुटले. पीडितांच्या आप्तांस हा निकाल फार सौम्य वाटला, व त्यांचा खेद समजण्यासारखा आहे. परंतु आमच्या मतें निकालाचें बळ या विषमतेंतच आहे. प्रत्येक दलाच्या प्रमुखावर त्याच्या दलापुरतें व त्याच्या काळापुरतें जेवढें सिद्ध झालें, तेवढ्याचाच भार ठेवण्यांत आला. सूड घेणारा नवांतून चौघांस सोडीत नाहीं. प्रमाण पाहणारा सोडतो.

आतां साक्षींस ज्या लिखितांनीं पाठबळ दिलें त्यांकडे वळूं. यांतील एकहि कागद इतिहासासाठीं म्हणून लिहिलेला नव्हता.

पहिला वर्ग अर्जांचा. मुलगा किंवा मुलगी नाहींशी झाली कीं आईबापें न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचा अर्ज करीत. असे हजारों अर्ज झाले, आणि बहुतेक सर्व फेटाळले गेले. त्या वेळीं ते व्यर्थ वाटले असतील. पण प्रत्येक अर्जावर तारीख पडली, माणूस कोठून व कसा नेला याचा मजकूर राहिला, आणि असा इसम ताब्यांत नसल्याचा जबाब त्याच प्रकरणास जोडला गेला. पुढें तोच इसम अमक्या कैदखान्यांत होता हें साक्षीनें ठरलें, तेव्हां सरकारचा जबाब सरकारविरुद्धच पुरावा झाला.

दुसरा वर्ग स्मशानांच्या नोंदवह्यांचा. प्रेतें बेवारशी म्हणून पुरण्यांत आलीं, तरी पुरणाऱ्या कारकुनास वही भरावीच लागे. तारीख, लिंग, अदमासें वय, मृत्यूचें कारण, खड्ड्याची जागा, हें तो संवयीनें लिहीत गेला. अमेरिकन अस्थितज्ज्ञ क्लाइड स्नो यांनीं १९८४ पासून तेथील तरुणांस हाताशीं धरून या वह्या व अस्थि एकमेकांशीं पडताळून पाहण्याचें शास्त्र शिकविलें, व १९८५ च्या सुनावणींत स्वतः साक्ष दिली. त्या तरुणांची मंडळी पुढें जगांतील अनेक देशांत याच कामासाठीं जाऊं लागली.

तिसरें उदाहरण एका कैद्याचें. व्हिक्तोर बास्तेर्रा हा छापखान्यांतील कारागीर नौदलाच्या यंत्रशाळेंतील गुप्त कैदखान्यांत होता. त्याचें कसब पाहून त्याजकडून अधिकाऱ्यांसाठीं खोटे परवाने व ओळखपत्रें तयार करविण्यांत येत, आणि त्यासाठीं त्यांच्या तसबिरी त्यालाच काढाव्या लागत. तो एक प्रत जास्त काढी, व ती प्रकाशानें बिघडणाऱ्या कागदाच्या पेटींत लपवी; कारण ती पेटी पहारेकरी उघडीत नसत. पुढें बाहेर जाण्याची मोकळीक मिळूं लागल्यावर त्यानें त्या तसबिरी, व कांहीं कैद्यांच्याहि, थोड्या थोड्या करून बाहेर नेल्या. १९८५ मध्यें त्यानें त्या न्यायालयापुढें ठेवल्या. खोटे कागद करण्याच्या कारखान्यांतूनच खरा कागद बाहेर पडला. ज्या इमारतींत हें घडलें, ती २०२३ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत दाखल झाली.

यानंतर मात्र वारें फिरलें. डिसेंबर १९८६ मध्यें नवे खटले भरण्यास ६० दिवसांची मुदत घालणारा कायदा झाला. एप्रिल १९८७ मध्यें कांहीं लष्करी अधिकाऱ्यांनीं बंड केल्यावर, जूनमध्यें, हुकूम पाळणाऱ्या कनिष्ठांस दोषमुक्त करणारा दुसरा कायदा झाला. आणि डिसेंबर १९९० मध्यें राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनीं विदेला, मासेरा प्रभृतींस क्षमा करून सोडून दिलें. येथें इतिहासाच्या अभ्यासकानें एक भेद लक्षांत ठेवावा. क्षमेनें शिक्षा थांबते. सिद्ध झालेली गोष्ट असिद्ध होत नाहीं. हा भेद न्यायाधीशांसहि ठाऊक असावा. सुनावणीच्या ५३० तासांच्या चित्रफितींच्या प्रती १९८८ मध्यें नॉर्वेच्या पार्लमेंटाकडे ओस्लो येथें ठेवण्यास देण्यांत आल्या. मूळ प्रत धोक्यांत आहे असें वाटल्यास दुसरी प्रत दूरच्या मठांत ठेवावी, ही रीत आपल्याकडील पोथ्या राखणारांस सांगावयास नको.

आणि जें जळालें असें समजलें जात होतें, तें सर्वच जळालें नव्हतें. डिसेंबर १९९२ मध्यें शेजारच्या पाराग्वाय देशांत, राजधानी आसुन्सिओननजीक लांबारे येथील पोलिसांच्या इमारतींत, मार्तिन आल्मादा व न्यायाधीश होसे आगुस्तीन फेर्नान्देस यांस तेथील गुप्त पोलिसांचें दप्तर सांपडलें. शेजारपाजारच्या लष्करी राजवटी एकमेकींस कैदी कसे सोपवीत याचे कागद त्यांत निघाले. ब्वेनोस आयरेस प्रांताच्या पोलिसांच्या हेर खात्याचें सुमारें ४० लक्ष पृष्ठांचें दप्तर ला प्लाता शहरीं सुरक्षित राहिलें व पुढें अभ्यासकांस खुलें झालें. नोव्हेंबर २०१३ मध्यें तर वायुदलाच्या मुख्य कचेरीच्या तळघरांत खुद्द जुंटांच्या गुप्त बैठकींचीं २८० मूळ इतिवृत्तें हातीं आलीं. जाळण्याचा हुकूम निघतो, पण तो बजावणारा कोणी तरी एक रुमाल फडताळाच्या मागें विसरतोच.

यांत सर्वांत बोलका कागद एका विमानाची रोजनिशी होय. डिसेंबर १९७७ मध्यें, नाहींशा झालेल्यांच्या मातांच्या संघाची एक संस्थापिका आसुसेना व्हियाफ्लोर, तिच्या सहकारी स्त्रिया व दोन फ्रेंच जोगिणी पकडल्या गेल्या. त्याच महिन्यांत समुद्रकांठीं कांहीं प्रेतें लागलीं. उंचावरून पडून कठीण पदार्थावर आदळल्यानें मृत्यु, अशी नोंद तेथील वैद्यानें केली, व तीं बेवारशी म्हणून पुरण्यांत आलीं. २००५ मध्यें अस्थितज्ज्ञांनीं तीं ओळखलीं. आसुसेना त्यांत होती. पुढें तटरक्षक दलाचें त्या वेळचें एक विमान अमेरिकेंत फ्लोरिडा येथें विकलेलें सांपडलें, आणि त्याबरोबर त्याच्या जुन्या उड्डाणांच्या वह्या. १४ डिसेंबर १९७७ च्या रात्रीं तें तीन तासांहून अधिक वेळ उडून, वाटेंत कोठेंहि न उतरतां, निघाल्या जागीं परत आलें होतें, व वैमानिकांचीं नांवें वहींत होतीं. त्यांतील दोघांस नोव्हेंबर २०१७ मध्यें जन्मठेप झाली. ज्यानें ती ओळ भरली, त्यानें केवळ इंधन व वेळ यांचा हिशेब ठेवला होता.

तोपर्यंत कायदाहि फिरला होता. मुदतीचा व आज्ञापालनाचा असे दोन्ही कायदे विधिमंडळानें २००३ मध्यें रद्द केले, व सर्वोच्च न्यायालयानें ते २००५ मध्यें घटनाबाह्य ठरविले. सेनापतींस दिलेली क्षमाहि २००७ मध्यें अवैध ठरली. विदेला यास २०१० मध्यें पुन्हा जन्मठेप झाली, आणि कैदेंत जन्मलेलीं अर्भकें पळविण्याच्या पद्धतशीर योजनेबद्दल २०१२ मध्यें ५० वर्षांची शिक्षा झाली. १७ मे २०१३ रोजीं तो तुरुंगांतच मरण पावला. बिन्योने, ज्याच्या राजवटींत नोंदी काढून टाकण्याची आज्ञा निघाली, तोहि दोषी ठरला; २०१६ च्या एका निकालांत तर पाराग्वायमधील कागद त्याच्याविरुद्ध उपयोगी पडले.

इतकें झालें तरी दप्तर जाळणारांचें कांहींच साधलें नाहीं, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. समितीनें ८,९६१ नांवें नोंदलीं व यादी अपुरी असल्याचें स्वतःच सांगितलें. पीडितांच्या संस्था ३०,००० हा आंकडा सांगतात. हा वाद मिटत नाहीं, कारण तो मिटविणाऱ्या नोंदी ठेवल्याच गेल्या नाहींत किंवा नष्ट झाल्या. अशा स्थितींत कमी आंकडा सांगणारांनीं नोंदीच्या अभावास घटनेचा अभाव समजूं नये. अभाव हा येथें अपराधाचाच एक भाग आहे. पळविलेल्या अर्भकांपैकीं १३० हून अधिक जणांस रक्तपरीक्षेनें आपलें कुळ कळलें. उरलेले आज प्रौढ आहेत व दुसऱ्याच नांवानें वावरत आहेत. पुष्कळ घरांतून अद्याप तिथि ठाऊक नाहीं व अस्थि मिळालेल्या नाहींत. दुसरा लेख उभा राहिला खरा, पण मूळ लेखांतील कित्येक ओळी त्यांत कायमच्या रिकाम्या आहेत.

या अभियोगापासून संग्राहकानें काय घ्यावें? आपण सनदा, फर्मानें, शिक्क्याचीं पत्रें आदरानें जपतों. रोजकीर्द, हजेरीची वही, फेटाळलेला अर्ज, जकातनाक्याची नोंद हीं किरकोळ म्हणून बाजूस सारतों. आर्जेन्टिनांत मोठे कागद मोठ्यांनीं जाळले किंवा लपविले. न्याय उभा राहिला तो प्रथम किरकोळ कागदांवर. कारण सत्ताधीश आपल्या सहीस जपतो, पण स्मशानांतील कारकुनाच्या वहीकडे त्याचें लक्ष जात नाहीं. म्हणून रुमाल सोडल्यावर त्यांतील निरुपयोगी वाटणाऱ्या कागदाचीहि याद करावी, तो कोणत्या कागदाबरोबर व कोठें सांपडला हें लिहून ठेवावें, आणि संग्रह दुसऱ्यास पाहूं द्यावा. बंद पेटींतील कागद न जळतांहि जळाल्यासारखाच असतो. बास्तेर्रानें जिवावर उदार होऊन पेटींत लपविलें, तें पुढें न्यायासनापुढें उघडतां यावें म्हणून. आपणांस तर जिवाचा धोकाहि नाहीं.